पेढीवरून कायदे कौन्सिलात

आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी नाशिकहून मुंबईपर्यंतचा आगगाडीचा प्रवास केला असेल. कसाऱ्याचा घाट उतरून गाडी कल्याणच्या रोखाने धावू लागली म्हणजे डाव्या हातास, रुळांपासून काही कोस आत, मुरबाड नावाचे गाव राहते. त्या गावी ता. १० फेब्रुवारी १८०३ रोजी एका सराफी-व्यापारी कुळात एक मुलगा जन्मास आला. तोच पुढे या लोहमार्गाच्या आरंभीच्या चालकांपैकी एक झाला. आणि १८६२ साली मुंबई इलाख्याचे कायदे करणारी सभा प्रथम भरली तेव्हा तीत सभासद म्हणून बसला. हे गृहस्थ म्हणजे जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे, अर्थात लोकांचे नाना शंकरशेट. त्यांचे समग्र चरित्र सांगण्याचा आमचा हेतू नाही. पेढीवर बसणारा व्यापारी राज्यकारभाराच्या सभेत कोणत्या बळावर जाऊन पोहोचला, एवढ्याच प्रश्नाचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

व्यापाऱ्याच्या भाषेत एक लहानसा शब्द आहे, तो म्हणजे पत. भांडवल तिजोरीत असते. पत मात्र दुसऱ्याच्या मनात असते. भांडवल वडिलांकडून मिळू शकते, पण पत ज्याची त्यालाच मिळवावी लागते. १८२२ साली वडील शंकरशेट निवर्तले तेव्हा नानांचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. एवढ्या लहान वयात त्यांनी पेढीचा भार उचलला, आणि तिचा लौकिक असा राखला की अरब व अफगाण व्यापारी आपले द्रव्य बँकेत ठेवण्यापेक्षा त्यांच्यापाशी ठेवणे अधिक पसंत करीत. ज्यांचा धर्म निराळा, देश निराळा, भाषाही निराळी, अशा माणसांनी आपली पुंजी निर्धास्तपणे हाती द्यावी, ही साधी गोष्ट नव्हे. नानांच्या पुढील सर्व सार्वजनिक कार्याचा पाया आमच्या मते येथेच घातला गेला.

पहिले कार्य शिक्षणाचे. गव्हर्नर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या उत्तेजनाने १८२२ साली मुंबईत एतद्देशीयांच्या शाळा व शालेय पुस्तके यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. तिच्या कामात नाना लवकरच अग्रभागी आले. १८२७ साली एल्फिन्स्टन स्वदेशी जावयास निघाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ लोकांनी वर्गणी जमविली; ती दोन लाख रुपयांहून अधिक झाली, आणि तिच्यातूनच पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उदयास आले. वर्गणी मागणारा मनुष्य विश्वासाचा असला म्हणजेच लोकांची थैली सैल होते, हे कोणत्याही शाळेच्या चालकास सांगावयास नको.

परंतु केवळ देणगी देणारे धनिक पुष्कळ असतात. नानांची खरी कसोटी १८४० साली स्थापन झालेल्या शिक्षण-मंडळात, म्हणजे बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये लागली. त्या मंडळात तीन एतद्देशीय सभासद होते व त्यांपैकी नाना एक होते. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. सरकारजवळ पैसा थोडा, तेव्हा तो थोड्यांना उत्तम इंग्रजी शिक्षण देण्यात खर्चावा, असे त्यांचे मत होते. उलट कर्नल जर्विस यांचे म्हणणे असे की, बहुजनसमाजास ज्ञान द्यावयाचे तर ते त्याच्या स्वभाषेतूनच दिले पाहिजे. १८४७ च्या सुमारास हा वाद विकोपास गेला. त्या वेळी नाना व त्यांचे दोघे देशी सहकारी जर्विस यांच्या बाजूस उभे राहिले.

ही गोष्ट वाटते तितकी सोपी नव्हती. नाना इंग्रजी उत्तम जाणत होते. इंग्रजी विद्येच्या प्रसारासाठी त्यांनी स्वतः पैसा वेचला होता. सर न्यायाधीशांची मर्जी राखण्यातच कोणाही व्यापाऱ्याचे हित होते. तरीही त्यांनी आपले मत लेखी नोंदविले. त्याचा भावार्थ असा की, पश्चिम हिंदुस्थानातील लोकांत उपयुक्त ज्ञान पसरविण्यास त्यांच्या देशभाषांसारखे दुसरे साधन नाही. सरकारने अखेर उभय पक्षांचे थोडेथोडे राखले, आणि १८५४ च्या वुड साहेबांच्या खलित्यात सर्वसामान्य लोकांसाठी देशभाषा व उच्च शिक्षणासाठी इंग्रजी अशी वाटणी ठरून गेली. या वार्षिकातील मराठी विभाग वाचणाऱ्या मुलाने हा वाद जुना समजू नये. आपण ज्या भाषेत विचार करतो तिच्यातच शिकावे की नाही, हा प्रश्न आजही घराघरांतून विचारला जातो.

मुलींच्या शिक्षणातही नाना मागे राहिले नाहीत. मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२४ साली मुलींची शाळा काढली होती, व पुण्यास जोतीराव फुल्यांनी १८४८ साली तेच काम हाती घेतले. पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन विद्यालयातील तरुणांनी मुंबईत मुलींच्या शाळा उघडल्या, तेव्हा नानांनी आपल्या वाड्यात मराठी शाळेस जागा दिली. ज्या शाळेची समाजात निंदा होत होती, ती प्रतिष्ठित गृहस्थाच्या दारात भरू लागली, तेव्हा निंदकांची जीभ थोडीतरी आवरली असेल. पेढीवर मिळविलेली पत अशा रीतीने मुलींच्या कामी खर्च झाली.

त्याच सुमारास लोहमार्गाची खटपट चालू होती. सर जमशेटजी जिजीभाई व नाना यांनी तिला आरंभापासून पाठबळ दिले, आणि ता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत २१ मैलांचा पहिला प्रवास घडला. त्याच्या आदल्या वर्षी, ता. २६ ऑगस्ट १८५२ रोजी, ‘बॉम्बे असोसिएशन’ ही राजकीय संस्था निघून नाना तिचे अध्यक्ष झाले होते. कंपनी सरकारच्या सनदेची मुदत संपत आली होती, म्हणून या संस्थेने विलायतेच्या पार्लमेंटकडे अर्ज धाडला. त्यात राज्यकारभारात देशी लोकांस स्थान मिळावे अशी मागणी होती. राष्ट्रीय सभेचा जन्म १८८५ सालचा, हे ध्यानात घेतले म्हणजे या अर्जाचे महत्त्व कळते.

आणि तरीही १८५७ च्या धामधुमीत याच नानांवर सरकारचा संशय आला! ज्यांच्यापाशी परदेशी व्यापारी डोळे मिटून पैसा ठेवीत, त्यांच्या निष्ठेची चौकशी झाली. आरोपास पुरावा मिळाला नाही व ते निर्दोष ठरले. पत मिळविण्यास वर्षे लागतात, पण संशयास एक दिवस पुरतो. अशा प्रसंगानंतर पुष्कळ माणसे सार्वजनिक काम सोडून घरी बसतात; नाना बसले नाहीत.

१८६१ च्या कायद्यान्वये मुंबईस कायदे कौन्सिल मिळाले. त्याची पहिली बैठक ता. २२ जानेवारी १८६२ रोजी टाउन हॉलमध्ये भरली. तीत चार देशी सभासद होते. सावनूरचे नवाब, रुस्तमजी जमशेटजी जिजीभाई, माधवराव विठ्ठल विंचूरकर आणि नाना शंकरशेट अशी त्यांची नावे. यांपैकी विंचूरकर हे आमच्या नाशिक जिल्ह्यातील विंचूरचे सरदार, हे येथील वाचकांस अभिमानाने वाटेल. नवाब व सरदार यांच्या पंक्तीस पेढीवरचा मनुष्य बसला, हीच त्या काळची नवी गोष्ट होती.

मात्र खरे तेही सांगितले पाहिजे. हे सभासद लोकांनी निवडलेले नव्हते. त्यांस गव्हर्नरांनी नेमले होते. त्यांस प्रश्न विचारण्याचा किंवा जमाखर्चावर चर्चा करण्याचा अधिकार नव्हता. शेतकरी, मजूर किंवा अस्पृश्य मानिलेला मनुष्य त्या दालनात कोठेच नव्हता. नाना ज्या दारातून आत गेले ते फार अरुंद होते. पण दार उघडले, एवढे मात्र निश्चित.

नानांच्याच काळात सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेत आणखी एक दुकानदार कायदेमंडळात गेला होता. तो अब्राहम लिंकन होय. त्याचा जन्म १८०९ च्या फेब्रुवारीतला. न्यू सेलम नावाच्या खेड्यात त्याने भागीदारीत दुकान काढले, ते बुडाले, आणि भागीदार वारल्यावर सर्व कर्ज त्याच्या शिरावर आले. ते त्याने नाकारले नाही. कित्येक वर्षे फेडीत राहिला. १८३४ साली त्याच लोकांनी त्यास इलिनॉय संस्थानाच्या कायदेमंडळात निवडून दिले. एकाची पेढी भरभराटली, दुसऱ्याचे दुकान बुडाले. पण दोघांनीही दुसऱ्याचा पैसा पवित्र मानला. दोघांचाही अंत १८६५ साली झाला. अमेरिकेतील यादवी त्या वर्षी संपली, कापसाचे भाव कोसळले, आणि मुंबईतील शेअरांच्या वेडात भल्या भल्या पेढ्यांची पत धुळीस मिळाली. त्याच जुलै महिन्याच्या ३१ तारखेस नानांनी देह ठेविला. शहराची पत बुडत असता, जिची पत कधी बुडाली नव्हती अशी एक व्यक्ती निघून गेली.

नानांच्या नावाची संस्कृत शिष्यवृत्ती मॅट्रिकच्या अनेक पिढ्यांनी मोठ्या मानाची मानली. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांनी मिळविली, आणि १९४३ साली तेच रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. एका सराफाच्या नावाने ज्यांचा गौरव झाला, त्यांच्या हाती पुढे देशाची तिजोरी आली, हा योग सुंदर आहे.

नाना आमच्या धर्माचे नव्हते; ते आपल्या देवळांवर श्रद्धा ठेवणारे हिंदू होते. पण प्रभूने विश्वासू कारभाऱ्याचे जे दृष्टान्त सांगितले, ते शिकविताना आम्हांस नानांची आठवण होते. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी दुकान चालवील, कोणी कचेरीत बसेल, कोणी निवडणुकीस उभाही राहील. आज सभासद निवडण्याचा अधिकार मुख्यतः तुमच्या मतात आहे. मत मागावयास कोणी आला तर तो काय बोलतो एवढेच पाहू नका. उधारीच्या वहीत तो कसा वागला, तेही विचारा. आणि मत मागण्याची पाळी तुमच्यावर आली, तर हाच प्रश्न लोक तुम्हांसही विचारतील, हे विसरू नका.