छंदातून कमाई करायची आहे? काम सुरू करण्याआधी 'या' ४ गोष्टी ठरवून घ्या

समजा, सांगलीतली एक तरुणी नोकरी सांभाळून जुन्या वाड्यांची चित्रं काढते. इन्स्टाग्रामवर ती पाहून ओळखीतल्या एका मिठाईवाल्याने दिवाळीच्या बॉक्ससाठी चित्र मागितलं. "दोन हजार देतो," असं फोनवर ठरलं. तिने चार वेळा बदल करून चित्र दिलं. दिवाळी सरली, पैसे काही आले नाहीत. पुढच्या वर्षी तेच चित्र दुकानाच्या कॅलेंडरवर आणि कापडी पिशव्यांवर झळकलं.

यात तिची कला कुठेच कमी पडली नाही, कमी पडला तो व्यवहार. चित्रकला असो, भाषांतर, व्हॉइस ओव्हर किंवा फोटोग्राफी. फ्रीलान्सिंगमध्ये बहुतेकांचे पैसे इथेच अडकतात. मग नेमकं काय करायचं?

१. दर कसा ठरवायचा?

'समोरचा काय देईल' यावरून नाही, तर स्वतःच्या हिशोबावरून. समजा, महिन्याला ३० हजार हवेत आणि रंग, इंटरनेट, प्रवास यांचा खर्च ६ हजार. महिन्यात १५० तास काम केलं, तरी त्यातले ६० तास ग्राहक शोधण्यात आणि फोन-मेलमध्ये जातात. उरले ९० तास. ३६ हजार भागिले ९०, म्हणजे तासाला ४०० रुपये. चित्राला ६ तास लागत असतील, तर किंमत २,४०० रुपये. किती वेळा बदल करून देणार, हेही आधीच सांगा. नाहीतर ६ तासांचे १२ तास कधी होतात, कळतही नाही.

२. कॉपीराइट कुणाचा?

'मी काढलं म्हणजे माझं' असं अनेकांना वाटतं. पण कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो, पेंटिंग किंवा पोर्ट्रेट केलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क काम सांगणाऱ्याचा असतो. म्हणजे कॅलेंडरबद्दल तक्रार करायला गेली, तर त्या तरुणीचीच बाजू लंगडी पडू शकते.

फ्रीलान्सरने लिहिलेल्या लेखाचं किंवा भाषांतराचं तसं नाही. तिथे पहिला हक्क साधारणपणे लिहिणाऱ्याचा, आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर सही केलेला लेखी करार लागतो. त्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असं कायदा मानतो.

३. पैसे थकवले तर?

'उद्यम' पोर्टलवर आधार आणि पॅनच्या मदतीने मोफत नोंदणी करता येते. एकट्याने सेवा देणाऱ्यालाही सूक्ष्म उद्योग म्हणून ती करता येते. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार अशा उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाला, तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. दाद फॅसिलिटेशन कौन्सिलकडे मागता येते. मात्र नोंदणी काम घेण्याआधीच केलेली बरी.

४. टॅक्सचं काय?

कंपन्या अनेकदा बिलातून १० टक्के टीडीएस कापतात. ही रक्कम बुडत नाही. एकूण टॅक्स त्यापेक्षा कमी होत असेल, तर रिटर्न भरून जादा कापलेले पैसे परत मिळतात. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्यांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही.

यासाठी वकील हवाच का?

छोट्या कामासाठी नाही. त्या तरुणीने काम सुरू करण्याआधी एवढा ईमेल पाठवून समोरून होकार घेतला असता, तरी पुरलं असतं:

'एक चित्र, फक्त यंदाच्या दिवाळी बॉक्ससाठी. बदल दोनदा. २,४०० रुपये, निम्मे आधी, उरलेले चित्र दिल्यापासून १५ दिवसांत. चित्राचा कॉपीराइट माझ्याकडे राहील. मान्य असल्यास कळवावे.'

ओळखीच्या माणसाला असं लिहून पाठवायला संकोच वाटतो. पण दिवाळीनंतर त्याच माणसाकडे पैशांसाठी दहा फोन करण्यापेक्षा तो संकोच नक्कीच स्वस्त पडतो.