जुन्या रेवाला लिथियम (भाग ७) : पंधरा की सोळा?

या भागात बीएमएसबद्दल, म्हणजे सेलांवर नजर ठेवणाऱ्या बॅटरी मॅनेजमेंट सिस्टमबद्दल लिहायचं कबूल केलं होतं, पण ते आता पुढच्या आठवड्यात. बंगळुरूला स्थायिक झालेल्या एका वाचकबाईंनी असा प्रश्न पाठवलाय, की तो निकालात काढल्याशिवाय बीएमएस विकत घेण्यात अर्थच नाही. त्यांनी दोन विक्रेत्यांकडून दर मागवले. दोघांनीही कागदावर ‘४८ व्होल्ट लिथियम’ लिहिलंय, पण एकाच्या पेटीत सेल १५ आणि दुसऱ्याच्या पेटीत १६. बाईंनी स्वतः हिशेब मांडला: आयर्न फॉस्फेटचा सेल ३.२ व्होल्टचा, ४८ भागिले ३.२ बरोबर १५. मग सोळाव्या सेलचे पैसे मी का भरू, असा त्यांचा रोकडा सवाल आहे.

भागाकार चोख आहे. गडबड आहे ती ४८ मध्ये, कारण तो आकडा नावापुरता. रेवा या विजेच्या गाडीच्या पुढच्या सीटांखालच्या सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या म्हणजे शिशाचे २४ सेल, दर सेल दोन व्होल्ट धरून आपण ४८ म्हणतो. रात्रभर चार्ज करून जरा उभी ठेवलेल्या गाडीला मीटर लावून बघा, ५१ च्या जवळपास दिसेल. चार्जिंग चालू असताना शेवटी शेवटी ५८ च्या आसपास, आणि इक्वलायझिंगची (मागे पडलेले सेल बरोबरीला आणणाऱ्या जादा चार्जिंगची) फेरी लागली तर ६० च्याही वर. उलट बॅटऱ्या थकलेल्या असल्या आणि पुलाच्या चढावर पाय दाबला की तोच आकडा ४२-४३ वर लोळण घेतो. गाडीतली मूळ सामग्री हा सगळा चढउतार सोसायला बनवलेली आहे.

आता सोळा सेलांचं बघा. नाममात्र ५१.२ व्होल्ट. भरून विसावल्यावर ५३ च्या थोडं वर, आणि चढावर २०० अँपिअर ओढले तरी ४९ च्या आगेमागे. म्हणजे शिशाच्या बॅटऱ्या ताज्या असताना गाडी जिथे वावरायची, त्याच पट्ट्यात. पंधरा सेलांवर गाडी चालणार नाही असं मी म्हणत नाही, उत्तम चालेल. पण कंट्रोलर अँपिअरवर मर्यादा घालतो, व्होल्टवर नाही, त्यामुळे जितके व्होल्ट कमी तितका चढावरचा जोर कमी. शिवाय १८० अँपिअर-तासाचे सेल धरले तर सोळांत साधारण ९.२ युनिट वीज मावते, पंधरांत ८.६. शिशाचं सुमारे अडीचशे किलोचं ओझं उतरवून तिथे शंभर किलोच्या आतलं काहीतरी बसवताना साडेपाच-सहा किलोच्या एका सेलवरून काटकसर कशाला करायची?

मग ती पंधराची पेटी बाजारात आली कुठून? मोबाइलच्या टॉवरवरून. तिथला रेक्टिफायर बॅटरीला कायम ५४ व्होल्टच्या आसपास धरून ठेवतो. पंधरा सेल ३.६ वर भरले की बरोबर ५४ होतात, सोळा असते तर ते तेवढ्यात काठोकाठ भरले नसते. टॉवरसाठी तो हिशेब अगदी योग्य. विक्रेता फसवतोय असं नाही, तो दुसऱ्याच गिऱ्हाइकासाठी बांधलेली पेटी तुम्हाला देतोय.

सोळांची खरी अडचण वरच्या टोकाला आहे, आणि ती सोसायटी टेकडीवर असलेल्यांनी नीट वाचावी. सेलच्या माहितीपत्रकात ३.६५ व्होल्टपर्यंत भरा असं लिहिलेलं असतं. सोळा गुणिले ३.६५ म्हणजे ५८.४. माझ्या गाडीचा कंट्रोलर ६० ला हात वर करतो. सकाळी गच्च भरलेली गाडी घेऊन तुम्ही उतार उतरायला लागलात, ब्रेकवर पाय ठेवला, की मोटर जनरेटर होऊन वीज उलटी पाठवायला लागते. बॅटरीत जागा नाही. आयर्न फॉस्फेटचा आलेख बहुतेक वाटभर सपाट असतो, पण शेवटच्या दोन-चार टक्क्यांत तो ताडासारखा सरळ वर जातो. मग कंट्रोलर किंवा बीएमएस, ज्याचा आधी संयम सुटेल तो, ते भरणं बंद करतो आणि मोटरचा रोध ऐन उतारावर एकदम गायब होतो. चाकांचे ब्रेक शाबूत असतात, पण पायाखालून आधार गेल्यासारखं वाटून माणूस दचकतो.

उपाय सोपा आहे. दर सेल ३.४५ वर थांबा, म्हणजे सगळे मिळून ५५.२. चार्जर तिथेच थोडा वेळ धरून ठेवला तर सेल जवळपास पूर्ण भरतात. गमवाल ते फार तर काही किलोमीटर, आणि सेलचं आयुष्य वाढेल ते वेगळं. गंमत बघा, पंधरा सेल ३.६५ पर्यंत ठासून भरले तर ५४.७५ येतात. वरच्या टोकाला दोन्ही पेट्यांत अर्ध्या व्होल्टाचाही फरक उरला नाही.

याच कारणासाठी जुना चार्जर काढायचाच. शिशाचे चांगले चार्जर थंडीत व्होल्टेज वाढवतात, दर अंशाला दर सेलमागे तीन ते पाच मिलिव्होल्ट. २४ सेलांच्या हिशेबाने अंशाला साधारण ०.१ व्होल्ट. डिसेंबरातल्या पुण्यात पहाटे पारा दहावर असेल, तर २५ अंशांसाठी ठरवलेले ५७.६ वाढून ५९ होतात. शिशाला ते औषध, लिथियमला नाही. वर इक्वलायझिंगची फेरी लागली तर विचारायलाच नको.

तेव्हा बाईंनी सोळाच घ्यावेत. अपवाद एकच: आधीच्या मालकाने कंट्रोलर बदललेला असेल आणि नव्यावर ५५ व्होल्टची मर्यादा छापलेली असेल तर पंधरा. सीट उचलून पाटी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

ज्यांचे सेल येऊन पडलेत त्यांनी आठवड्यात एवढं करून ठेवा. जोडणी अजून करू नका. प्रत्येक सेलला मीटर लावा आणि तीन दशांशांपर्यंतचा आकडा तारखेसकट मार्करने सेलच्या अंगावरच लिहा. बहुतेक ३.२८ ते ३.३० च्या दरम्यान येतील. एखादा २.५ च्या खाली दिसला तर तो चार्ज करून बघण्याच्या फंदात न पडता परत पाठवा. पान्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळा, बोटातली अंगठी काढून ठेवा. ते आकडे हाताशी असू द्या, बीएमएसच्या भागात लागतील.