अकबराचा इबादतखाना

अकबराने 1575 मध्ये फत्तेपूर सिक्रीत इबादतखाना बांधला तो धर्मचर्चेसाठी. बैठक गुरुवारी रात्री भरे. सुरुवातीला प्रवेश फक्त मुसलमान विद्वानांना होता; पण मानाच्या जागेवरूनच कुरबुरी सुरू झाल्या. मग चार बाजू ठरवून दिल्या गेल्या: पूर्वेला अमीर, पश्चिमेला सय्यद, दक्षिणेला उलेमा आणि उत्तरेला शेख. बादशहा स्वतः या गटांमध्ये फिरून प्रश्न विचारी.

उलेमांचे वाद हमरीतुमरीवर येऊ लागले. पुढे 1578 च्या सुमारास हिंदू, जैन, पारशी आणि ख्रिस्ती पंडितांनाही दार उघडले. नवसारीचे दस्तूर मेहेरजी राणा दरबारी आले. 1580 मध्ये गोव्याहून जेझुइट पाद्री रुदोल्फो अक्वाविवा आणि आंतोनियो मोन्सेरात पोचले. त्यांनी दिलेले बहुभाषी बायबल अकबराने आदराने मस्तकी लावले. जैन आचार्य हीरविजय सूरी 1583 मध्ये आले. त्यांच्या प्रभावाने जैनांच्या पर्युषण पर्वात प्राणिहत्येवर बंदी आली.

दरबारातल्या दोन इतिहासकारांपैकी बदायुनीला हे सारे खटकले, तर अबुल फझलला त्यात बादशहाची थोरवी दिसली. या संवादांतूनच ‘सुलह-ए-कुल’, म्हणजे सर्वांशी सलोखा, हे अकबराचे धोरण पक्के होत गेले.