चिनी पट्टी आणि आपली करडई

खुरपणीचे दिवस आले की गावोगाव एकच तक्रार. गुडघे धरलेत! परवा शेतकरी मेळाव्यात एका आजींनी गुडघ्याला लावलेली पट्टी दाखवली. वर चिनी अक्षरे. "बाजारात घेतली. साहेब, ह्यात काय असतंय?"

चीनमध्ये अशा लेपाला 'गाओयाओ' म्हणतात. जुनी रीत अशी : जडीबुटी तिळाच्या तेलात तळायची, तेल गाळून आटवायचे आणि त्यात शेंदूर घालायचा. तेल घट्ट होऊन डांबरासारखा काळा लेप तयार होतो. तो कापडावर थापायचा आणि ऊब देऊन दुखऱ्या जागी चिकटवायचा. वू शिजी या वैद्याने १९व्या शतकात अशा बाहेरून करायच्या उपचारांवर ग्रंथच लिहिला.

हल्लीच्या पट्ट्यांत कापूर, मेंथॉल, मिरचीचा अर्क असतो. मिरचीतला तिखटपणा कातडीखालच्या नसांना उष्णता भासवतो. हे कसे घडते ते शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल मिळाले. थोडा वेळ आराम पडतो तो यामुळेच. पण झिजलेला सांधा पट्टीने भरून येत नाही. खुद्द चीनमध्ये थापाड्याला 'कुत्र्याच्या कातड्याचा लेप विकणारा' म्हणतात, ते उगाच नाही!

जपायचे कुठे? शेंदूर म्हणजे शिसे. काही लेपांत बचनागाच्या जातीची मुळी असते. ती विषारी, थेट हृदयावर घाला घालते. म्हणून जखमेवर, चिरलेल्या कातडीवर पट्टी लावू नका. वरून शेक देऊ नका. खाज सुटली, फोड आले तर लगेच काढा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. घटक वाचता येत नसतील तर ती पट्टी घेऊच नका.

आता आपल्या कामाची गोष्ट. चिनी लेपांत 'होंगहुआ' नावाचे फूल वापरतात. ते म्हणजे आपल्या करडईचे फूल! आपण बी घेतो, पाकळी वाऱ्यावर सोडतो. फलटणच्या निंबकर संस्थेने 'नारी-६' हा बिनकाट्याचा वाण काढला, त्यात पाकळ्या खुडणे सोपे. मात्र गिऱ्हाईक आधी ठरवा, मगच मजूर लावा.

आजींचा गुडघा सुजून लाल झाला होता, अंगात कणकण होती. पट्टी काढायला लावून त्यांना त्याच दिवशी दवाखान्यात पाठवले. अशा दुखण्याला पट्टी लावून दिवस घालवू नयेत, मंडळी.