कोंबडीला विचारून पाहिले तर?

"अंडी देते आहे ना, मग ती सुखातच असणार." पिंजऱ्यातल्या कोंबड्यांचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येते. ते पटण्याजोगेही वाटते. आजारी किंवा उपाशी जनावर उत्पादन देत नाही, हा शेतकऱ्याचा रोजचा अनुभव आहे. पण आजची अंड्यांची कोंबडी ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून घडवलेली आहे. तिची पूर्वज असलेली रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते, तर ही ३०० च्या आसपास. कवचाला लागणारे कॅल्शियम आहारातून पुरेसे मिळाले नाही तर ते हाडांतून काढले जाते. हाडे ठिसूळ होतात, अंडी मात्र येतच राहतात. तेव्हा अंडी मोजून कोंबडीची अवस्था सांगणे म्हणजे पगाराच्या आकड्यावरून माणसाची प्रकृती सांगण्यासारखे झाले.

मग ती सांगायची कशावरून? वर्तनाचे अभ्यासक म्हणून आम्ही म्हणू, तिच्या वागण्यावरून. पण येथे पहिला अडथळा आपण स्वतःच असतो. आपल्याला जे टोचेल ते तिलाही टोचत असणार, असे आपण गृहीत धरतो.

याचे एक नामी उदाहरण ब्रिटनमधले आहे. १९६४ साली रूथ हॅरिसन यांचे 'अ‍ॅनिमल मशीन्स' हे पुस्तक आले. कोंबड्या, वासरे आणि डुकरे बंदिस्त जागेत कशी वाढवली जातात याचे त्यातले वर्णन वाचून लोक अस्वस्थ झाले आणि सरकारने प्राणिशास्त्रज्ञ ब्रॅम्बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचा १९६५ चा अहवाल आजही महत्त्वाचा मानला जातो. प्राण्याला निदान उभे राहता, आडवे होता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत, असे त्यात म्हटले होते. पिंजऱ्याच्या तळाला बारीक षटकोनी जाळी नको, तिच्यापेक्षा जाड तारेची जाळी बरी, असेही समितीचे मत होते. पुढे १९७३ मध्ये ह्यूज आणि ब्लॅक या संशोधकांनी कोंबड्यांपुढे दोन्ही प्रकारचे तळ ठेवले. कोंबड्यांनी पसंत केली ती नेमकी बारीक षटकोनी जाळी! समितीची कळकळ खरी होती. फक्त पंजे कोंबडीचे होते.

मात्र पसंतीच्या प्रयोगातही खाचाखोचा आहेत. ऑक्सफर्डच्या मॅरिअन डॉकिन्स यांनी १९७७ मध्ये कोंबड्यांना पिंजरा आणि बाहेरची मोकळी जागा यांतून निवड करू दिली. पिंजऱ्यात वाढलेल्या कोंबड्या सुरुवातीला पिंजऱ्याकडेच वळल्या. प्रयोग तेथेच थांबला असता तर पिंजरेवाल्यांची बाजू सिद्ध झाली असती. पण मोकळ्या जागेची ओळख झाल्यावर त्याच कोंबड्या तिकडे जाऊ लागल्या. म्हणून पुढे संशोधक पसंतीबरोबर तिची 'किंमत'ही मोजू लागले. एखाद्या गोष्टीकडे जाण्यासाठी कोंबडी किती जड दार ढकलते? अंडे घालण्याची वेळ जवळ आली की घरट्यासाठी ती भुकेल्या कोंबडीने खाद्यासाठी करावी तशी धडपड करते, असे अशा प्रयोगांत दिसले आहे.

आता उघड्या पिंजऱ्यातल्या, म्हणजे घरटे नसलेल्या कोंबडीकडे पाहू. अंडे घालण्याआधी ती पुढे-मागे, पुढे-मागे येरझाऱ्या घालत राहते. या येरझाऱ्यांचा अर्थ काय? डंकन आणि वुड-गश यांनी १९७२ मध्ये भुकेल्या कोंबड्यांपुढचे खाद्य पारदर्शक प्लास्टिकने झाकले, तेव्हाही त्या अशाच येरझाऱ्या घालू लागल्या. खाद्य दिसते पण मिळत नाही, अशा कोंडीतले हे वागणे आहे. गर्भार डुकरीण अरुंद कप्प्यात गज चावत राहते, काही गाई जीभ बाहेर काढून वळवत बसतात, ही त्याच जातीची लक्षणे.

मातीत लोळण्याची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. पिसांवर साचलेला जुना तेलकट थर काढायला कोंबडी धूळ अंगावर उडवून घेते. पिंजऱ्यात धूळ नसते, तरी ती जाळीवर बसून पंख हलवते, अंग घासते आणि नसलेली माती उडवते. आवश्यक वस्तू नाही म्हणून त्या वस्तूची गरज नाहीशी होत नाही.

जागेचा हिशेब मुलांना करता येईल. डॉकिन्स आणि हार्डी यांनी १९८९ मध्ये मापे घेतली. नुसती उभी असलेली कोंबडी सरासरी सुमारे ४७५ चौरस सेंटिमीटर जागा व्यापते, पंख फडफडवताना सुमारे १,९००. त्या काळी युरोपात पिंजऱ्यात कोंबडीमागे किमान ४५० चौ. सेंमी. जागेचा नियम होता. टंकलेखनाचा ए-४ कागद ६२४ चौ. सेंमी. भरतो! युरोपीय संघाने १९९९ मध्ये निर्देश काढला आणि २०१२ पासून असे रिकामे पिंजरे बंद केले. आपल्याकडे १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात, हालचालीला पुरेशी लांबी, रुंदी आणि उंची नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे गुन्हा ठरवले आहे. मात्र बाजारातली आपली बहुतेक अंडी पिंजऱ्यांतूनच येतात.

पिंजरा काढला की सगळे सुटते, असेही नाही. मोठ्या मोकळ्या कळपात कोंबड्या एकमेकींची पिसे उपटतात, कधी जखमीही करतात. शिवाय येरझाऱ्या घालणाऱ्या प्राण्यापेक्षा शेजारी गप्प बसलेला प्राणी अधिक वाईट अवस्थेत असू शकतो. एकाच लक्षणावर निकाल देऊ नये.

शाळेजवळ कोणाच्या परसात कोंबड्या असतील तर आठवी-नववीच्या मुलांना निरीक्षण करता येईल. उकरणे, टिपणे, पिसे साफ करणे, पंख ताणणे, लोळणे, बसणे, चालणे असे रकाने पाडावेत. एकच कोंबडी निवडून दर मिनिटाला ती काय करते त्याची खूण करावी. दूर बसावे आणि दाणे टाकू नयेत, नाहीतर सगळे रकाने 'टिपणे' यानेच भरतील. मातीत लोळणे पाहायचे असेल तर दुपार गाठावी. कोंबडी साधारण दोन दिवसांतून एकदा, अर्धा तासभर लोळते. म्हणून एका दिवसात ती लोळली नाही तर दुसऱ्या दिवशीही वही घेऊन बसावे.