तिजोरी फोडणारा पाहिजे

सकाळी 8:20
डोंबिवलीची लोकल घाटकोपरला अर्धी रिकामी होते. कास्टिंग असिस्टंट मुलगी तिथेच उतरते. लोकलचा पास आहे. मेट्रोचे वर्सोव्यापर्यंत 40 रुपये. पुढे रिक्षा, मीटर 26 वर पडतो आणि उतरेपर्यंत बराच पुढे सरकतो. पिशवीत डबा. रोज बाहेर जेवायचं तर पगार पुरत नाही.

सकाळी 10:00
अंधेरी पश्चिमेचं आरामनगर. बैठ्या घरांच्या रांगा, घराघरांत ऑडिशनच्या खोल्या. ती कुलूप काढते, झाडू मारते, दिवे लावते. चित्रपटाचं नाव कुणालाच सांगायचं नाही. गोष्ट एवढीच : ताकद गमावलेला सुपरहिरो टोळी जमवतो आणि बँकेच्या तिजोरीतून स्वतःचीच ताकद चोरतो. दिग्दर्शकाने नमुना म्हणून 2015 चा ‘अँट-मॅन’ पाहायला सांगितलाय. तिथेही सूट घालणारा मुळात चोरच. इथला हिरो आधीच लॉक झालाय. आज शोधायचाय तिजोरी फोडणारा. वय पंचेचाळीसच्या पुढे.

तिजोरी म्हणजे भिंतीला टेपने चिकटवलेलं डब्याचं झाकण. त्यावर मार्करने आकडे.

सकाळी 11:00
दारात रांग. ती चेहरा पाहते आणि सांगते. फिट. अनफिट. अनफिट.
“मॅडम, इंट्रो तरी घ्या.”
“दादा, तुम्ही तिशीचे. प्रोफाइल ठेवून जा, पुढच्या वेळी बोलावते.”
दारावर कागद आहे : ऑडिशनचे पैसे घेतले जात नाहीत. तरी एकजण हळूच विचारतो, फी किती?

दुपारी 12:30
पंखा बंद, कारण माइक आवाज पकडतो. नाव, उंची, गाव. डावा प्रोफाइल, उजवा प्रोफाइल. आज हातही दाखवायचे, पुढून-मागून. पडद्यावर तेच जास्त दिसणार. लेन्सच्या शेजारी उभी राहून ती क्यू देते. म्हणजे दिवसभर सुपरहिरो तीच.
“किती वेळ लागेल?”
“घाई असेल तर उडून जा.”
आवाज चढवायचा नाही. समोरच्याचा सीन खायचा नाही.

दुपारी 2:15
डबा. पोळी, मटकी. टपरीवरून कटिंग येतो, हिशेब वहीत.

दुपारी 3:30
निवृत्त कॅशियर. राज्य नाट्य स्पर्धेत वर्षानुवर्षं काम केलेले. इतरांनी झाकण गरागरा फिरवलं होतं. हे आधी बोटं पँटला पुसतात. कान झाकणाला लावतात. मग एक आकडा, अगदी सावकाश. आणि थांबतात.
“माझ्याबरोबर कोण आहे?”
“म्हणजे?”
“बँकेत स्ट्राँगरूम एकट्याने उघडत नाहीत हो. दोन किल्ल्या, दोन माणसं.”
ती कॅमेरामनकडे बघते. तो मान हलवतो. कागद बाजूला ठेवून ती भिंतीपाशी जाते, हवेतच दुसरी किल्ली फिरवते. टेक ओके.

संध्याकाळी 5:30
सेल्फ टेस्टचे व्हिडिओ. निम्मे उभे धरलेले, एकात मागे कुकरची शिट्टी. प्रत्येकाला तोच निरोप : मोबाइल आडवा धरा, मागे कोरी भिंत ठेवा.

संध्याकाळी 7:40
तीन नावं शॉर्टलिस्ट. लिंक पाठवते. दिग्दर्शकाचं उत्तर येतं : कॅशियर मस्त. पण थोडं नाव असलेलं कोणी मिळेल का?
ती लिहिते : शोधते. यांची लुक टेस्ट ठेवू?
ठेवा.

रात्री 8:05
ती कॅशियरना फोन लावते.
“काका, शुक्रवारी लुक टेस्ट. दोन गडद शर्ट आणा. अजून फायनल नाही, पण.”
“येतो. पैशांचं कसं असतं?”
“लुक टेस्टला रिक्षाभाडं फक्त. काम मिळालं तर पर डे ठरेल. हातात यायला नव्वद दिवस लागतात.”
“व्याज किती टक्के?”