गणपतीची रोषणाई आणि आपला गुणाकार



गणपतीत आमच्या गल्लीची कमान तुम्ही पाहिली असेल. तिच्यावर रंग पळतात, फुले उमलतात, मोर नाचतो. त्या दिव्यांना पिक्सल म्हणतात. साधे तोरण प्लगमध्ये खोचले की लागते. पिक्सलचे तसे नाही. आमच्या माळांना फक्त ५ व्होल्ट लागतात. घरातल्या २३० व्होल्टचे ५ व्होल्ट करून देणारी एक पत्र्याची पेटी मिळते. तिला एसएमपीएस म्हणतात. ही पेटी केवढी घ्यावी ते मी सांगणार आहे. कारण २०२४ साली आमची पेटी चुकली आणि माझ्या दादाला साऱ्या गल्लीची बोलणी खावी लागली.

त्या वर्षी मंडळाने वर्गणीतून ८ माळा आणल्या. एका माळेत ५० दिवे, म्हणजे एकूण ४०० दिवे. पेटी २० अँपिअरची. दादा म्हणाला, "रग्गड झाली की!" सगळ्या माळा एकीला एक जोडल्या आणि वीज एकाच टोकाला दिली. आरतीला कमान पांढरी करायची होती. पहिल्या माळा पांढऱ्या झाल्या, मधल्या पिवळ्या आणि शेवटच्या लाल! सुरुवातीची वायर तर हाताला चटका देत होती. शेजारीच मांडवाचा कापडी पडदा होता.

दुसऱ्या दिवशी दादाने दर दोन माळांना पेटीपासून वेगळी वायर टाकली. रंग सरळ झाले. पण कमान पांढरी झाली की सगळे विझायचे, परत लागायचे, परत विझायचे. लोक हसले. एक आजोबा म्हणाले, "पोरांनी वर्गणी पाण्यात घातली." त्या रात्री दादा जेवला नाही.

मी शाळेत गुरुजींना हे सांगितले. ते म्हणाले, "एक दिवा किती वीज खातो?" मला ठाऊक नव्हते. दादालाही नव्हते. खोक्यावर मात्र छापलेले होते : ५ व्होल्ट, ०.३ वॅट. मग गुरुजींनी फळ्यावर गणित घातले.

एका दिव्याच्या पोटात तीन बारीक दिवे असतात. तांबडा, हिरवा आणि निळा. प्रत्येक जण २० मिलिअँपिअर घेतो. नुसता तांबडा लावला तर २०. पांढऱ्यासाठी तिघेही लागतात, म्हणून ६०. आता ४०० दिव्यांचे पाहा.

नुसता तांबडा : ४०० × २० = ८,००० मिलिअँपिअर = ८ अँपिअर.
पूर्ण पांढरा : ४०० × ६० = २४,००० मिलिअँपिअर = २४ अँपिअर.

आमची पेटी २० ची! रंग पळत होते तोवर तिला झेपत होते. पांढरा आला की भार जास्त व्हायचा आणि ती स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडायची. म्हणून हिशेब नेहमी पांढऱ्याचा धरावा.

पेटी काठोकाठ भरू नये. ती तापते. तिच्यावरच्या आकड्याच्या ८० टक्केच वापरावेत. २४ म्हणजे ८० टक्के, तर १०० टक्के किती? २४ × १०० ÷ ८० = ३०. म्हणजे निदान ३० अँपिअरची पेटी हवी. मोठी चालते, कारण दिवे लागेल तेवढीच वीज ओढतात. व्होल्ट मात्र तेच हवेत. ५ व्होल्टच्या माळेला १२ व्होल्टची पेटी लावली तर माळ जळते.

आता पहिल्या दिवशीचे लाल दिवे. हे मला आमच्या शेतात समजले. ठिबकची नळी फार लांब झाली की शेवटच्या झाडाला पाणी कमी पडते. मग अण्णा दुसऱ्या टोकानेही पाणी सोडतात. विजेचेही तसेच. बारीक तारेतून जाता जाता व्होल्ट कमी होतात. निळ्या आणि हिरव्याला सुमारे ३ व्होल्ट लागतात, तांबड्याला सुमारे २ पुरतात. म्हणून निळा आधी मंदावतो आणि तांबडा शेवटपर्यंत तग धरतो. यावर उपाय म्हणजे जाड वायर, आणि दर दोन माळांना नवी वीज.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा. दोन पेट्या वापरल्या तर त्यांचे प्लस एकमेकांना जोडू नयेत. माळा वाटून द्याव्यात. मायनस मात्र एकत्र करावेत, नाहीतर कंट्रोलरचा हुकूम पुढच्या माळांना कळत नाही. पेटीला वारा लागू द्यावा, पण पाऊस लागू देऊ नये. तिची २३० व्होल्टची बाजू आपण मुलांनी कधीही उघडू नये. ते काम वायरमन काकांचे. अर्थिंगही त्यांच्याकडूनच करून घ्यावे.

२०२५ साली दादाने ४० अँपिअरची पेटी आणली. जोडण्याआधी त्याने वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "तू एकदा तपास." मी गुणाकार दोनदा केला. आरतीला सगळी कमान दुधासारखी पांढरी झाली, पार शेवटच्या दिव्यापर्यंत. मी वायरला हात लावून पाहिला. ती गार होती.

पालकांनो, आपल्या गल्लीत माळा आणाल तेव्हा आधी दिवे मोजा. गुणाकार येत नसेल तर आम्हाला बोलवा. आम्ही करून देऊ.

हिशेब आधी, रोषणाई मग!

— इयत्ता ७ वी